डाळीच्या पाण्याविरुद्ध

कुकर उघडला की डाळीच्या भांड्यात वर पिवळसर पाणी तरंगतं आणि खाली शिजलेली डाळ बसलेली असते. बाळाच्या वाटीसाठी डाव वरच्या वर फिरतो. खालची डाळ घोटून, फोडणी देऊन मोठ्यांच्या ताटात जाते आणि हिंग-मीठ घातलेलं वरचं पाणी सात महिन्यांच्या बाळाला मिळतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मुलाचं पहिलं अन्न असं ठरतं, आणि ते मायेपोटीच ठरतं. तरीही ते चूक आहे. घरात ज्याची वाढ सर्वांत वेगानं चालू आहे, त्याच्याच वाट्याला सर्वांत निःसत्त्व भाग येतो.

ही चूक किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयोगटातल्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. दारिद्र्य हे याचं मोठं कारण आहेच. पण खात्यापित्या घरांतल्या मुलांच्या आहाराचे आकडेही समाधान वाटावं असे नाहीत. पैसा असूनही वाटी चुकत असेल, तर त्यामागचे समज एकेक करून तपासायला हवेत.

पहिला समज घाईचा. बाळ चौथ्या महिन्यात मोठ्यांच्या घासाकडे टक लावून बघतं, रात्री पुन्हा पुन्हा उठतं, मुठी चोखतं. घरातली अनुभवी माणसं म्हणतात, आता याला दूध पुरत नाही, पेज सुरू करा. या म्हणण्याला अगदीच आधार नाही असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही २००१ पर्यंत चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करा, असंच सांगत होती. युरोपातले बालरोगतज्ज्ञ आजही सतरा आठवड्यांनंतरची सुरुवात मान्य करतात. मग सहा महिन्यांचा आग्रह कशासाठी? बेलारूसमध्ये हजारो मायलेकरांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सहा महिने निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांना, तीनच महिने तसं पिणाऱ्या मुलांपेक्षा, पहिल्या वर्षात जुलाबासारखे पोटाचे संसर्ग कमी झाले. जिथे नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि पावसाळ्यात गढूळ येतं, तिथे या फरकाची किंमत युरोपपेक्षा कितीतरी जास्त आहे. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. वजन वाढतं आहे आणि बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतं आहे, तर दूध पुरतं आहे.

दुसरा समज याच्या उलट, दिरंगाईचा. दात आले नाहीत, मग खाणार कसं? मुहूर्त मिळाला नाही, मामाला सुट्टी नाही, उष्टावण पुढच्या महिन्यात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी ४६ टक्केच मुलांना दुधासोबत वरचं अन्न मिळत होतं, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ही दोन्ही एकत्र मिळत नव्हती. दातांचा इथे संबंध नाही. कुस्करलेला घास बाळ हिरड्यांनी आणि टाळ्याशी जीभ दाबून सहज खातं. पाहायचं ते वेगळं. मान सावरते का, आधारानं बसता येतं का, चमचा ओठांशी नेला तर तोंड उघडतं का, आणि जिभेनं घास बाहेर ढकलण्याची तान्हेपणाची सवय सुटली का? बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर सुरुवात कधी करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. बाकी मुलांच्या बाबतीत थांबण्याचं कारण उरत नाही, कारण जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि लिटरभर आईच्या दुधात अर्धा मिलीग्रॅमही लोह नसतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर दूध सोडायचं नाही, ते दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं. पण एकट्या दुधावर मूल वाढणार नाही.

तिसरा समज सर्वांत खोल रुजलेला आहे, आणि डाळीचं पाणी त्यातूनच जन्मतं: पातळ ते पचतं, घट्ट ते बाधतं. इथे साधा हिशेब मांडावा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० किलोकॅलरी अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. पोट मात्र एवढंसं असतं, वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावेल इतकं. सात किलोच्या बाळाचं पोट वाटीभर फुळकवणी पाण्यानं भरतं, ते तोंड फिरवतं, घरचे म्हणतात ‘पोट भरलं’. भरलं खरं, पण पाण्यानं. वर दूध पिण्याची भूकही गेली. डाळीतली प्रथिनं आणि उष्मांक खाली बसलेल्या डाळीत असतात, वर तरंगणाऱ्या पाण्यात त्यांचा अंशच उतरतो. भाताच्या निवळीचंही तेच, आणि गाळून गाळून पातळ केलेल्या फळांच्या रसाचंही तेच.

पचनाची भीतीही निराधार आहे. सहा महिन्यांच्या बाळाला मऊ शिजवलेला तांदूळ आणि मूगडाळ पचते. आपल्या आज्यांनी हे ओळखलं होतं. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, दळून केलेलं खिमट, मऊ गुरगुट्या भात, त्यावर तूप ही पहिल्या घासाची उत्तम तऱ्हा आहे. परंपरेतला हा भाग जपायलाच हवा. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ तर त्याहून चतुर. मोड येताना धान्यात तयार होणारी विकरं पिष्ट मोडतात, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गोळा न होता मऊ राहते आणि थोडक्या घासांत जास्त उष्मांक जातात. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात अशा मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर काम करून हे तत्त्व बालआहारात आणलं. मात्र नाचणीला सर्वगुणसंपन्न समजणं थांबवावं. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, पण लोहाची गरज एकटी नाचणी भागवत नाही.

चौथा समज वर्ज्यावर्ज्याचा. अंडं उष्ण, मासा बाधतो, शेंगदाण्यानं पित्त होतं, हे सगळं वर्षानंतर. या समजाला काही काळ आधुनिक वैद्यकाचाही पाठिंबा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असं सांगितलं, आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाला दिसलं, की इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आहे. इस्रायलमध्ये बाळं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातच मोठी होतात. मग धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाणे टाळलेल्या मुलांपैकी पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, लवकर खाऊ घातलेल्यांत सुमारे ३ टक्के. ज्या स्वयंपाकघरात दाण्याच्या कुटाचा डबा कायम हाताशी असतो, तिथे हे सहज जमण्यासारखं आहे. कूट अगदी बारीक वाटून पेजेत किंवा लापशीत मिसळावं. अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हातात कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. अंगावर तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणे किंवा अंडं देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

अंडं पूर्ण शिजवून, मासा काटे नीट काढून, मटण मऊ शिजवून बारीक करून, हे सारं सहा महिन्यांनंतर देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज मिळावीत असं म्हटलं आहे. हे आपल्या परंपरेत बसत नाही, असा आक्षेप कुणी घेतलाच तर आश्वलायन गृह्यसूत्र पाहावं. सहाव्या महिन्यातल्या अन्नप्राशनासाठी त्यात बोकडाचं मांस, तित्तिर पक्ष्याचं मांस आणि तूपभात असे पर्याय दिले आहेत. ज्या घरात मांसाहार नाही, त्यांनी घट्ट डाळ, उसळीचं कुस्करलेलं कडधान्य, पालेभाजी आणि त्यावर लोह शोषायला मदत करणारं लिंबू पिळून द्यावं, आणि लोहाच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

वर्ज्य खरोखर काय आहे, तेही स्पष्ट सांगायला हवं. मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, जन्मल्यावर चाटवण्यापुरताही नको. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाचे स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम होऊ शकतो. तान्ह्यांमधला हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. गाईचं दूध पहिल्या वर्षात मुख्य पेय म्हणून नको. साखर आणि वरून मीठ नको. बाटली नको, वाटी-चमचा हवा.

डब्यातल्या तयार शिशुआहाराची बाजू मांडणारे म्हणतात, त्यात लोह घातलेलं असतं आणि वेळ वाचतो. दोन्ही खरं आहे. पण एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेच्या तपासात भारतात विकल्या जाणाऱ्या अशा एका लोकप्रिय आहारात वाटीमागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आढळली, आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच प्रकारच्या आहारात ती नव्हती. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा आहाराची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या आणि २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानं बंदी आहे. ती उगाच घातलेली नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: हे सगळं करायला आईला वेळ कुठे आहे? कायद्यानं मिळणारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, म्हणजे पहिल्या घासाच्या वेळीच ती संपते. उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईला तर तीही नाही. या आक्षेपाला ज्ञान पाजून उत्तर देता येत नाही. उत्तर कामाच्या वाटणीत आहे. खिमटाचं पीठ आठवड्याचं एकदम दळून ठेवता येतं, घरच्यांसाठी शिजलेल्या वरणभातातून मीठ-तिखट घालण्याआधी बाळाची वाटी काढता येते, आणि भरवण्याचं काम बापाला, आजोबांना, आत्याला येतं.

करायचं ते थोडक्यात असं. सहा महिने पूर्ण झाल्यावर (सहावा लागला की नव्हे) दिवसातून दोनदा दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा अर्धी वाटी, पुढे तीन-चार वेळा. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये इतका घट्ट. दर वाटीत चहाचा चमचाभर तूप किंवा तेल, त्यातून ४५ किलोकॅलरी मिळतात. नवव्या महिन्याच्या आत मिक्सरमधून काढणं बंद करून दाणेदार, कुस्करलेला घास. बाळ खोकून उबळ काढतं तेव्हा घाबरून पातळाकडे परतायचं नाही. मात्र भरवताना ते बसलेलं आणि नजरेसमोर असावं. आजारपणात खाणं बंद न करता थोडं थोडं, वरचेवर.

हे घराघरांत पोचवण्याची वाट सरकारनं आखलेली आहे. लसीकरणाच्या राष्ट्रीय वेळापत्रकात चौदाव्या आठवड्यानंतर थेट नवव्या महिन्याची लस येते, मधल्या सहाव्या महिन्यात बाळाला केंद्रावर नेण्याचं कारणच नसतं. ही पोकळी भरण्यासाठी २०१८ पासूनच्या योजनेत आशा सेविकेनं तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं आहे. योजना सुरू झाली तेव्हा तिला त्या एका भेटीचे ५० रुपये ठरले. सहाव्या महिन्याच्या भेटीत तिनं त्या घरातल्याच कुकरमधली खालची डाळ काढून, घोटून, सासू आणि बाप समोर बसलेले असताना बाळाला भरवून दाखवावं, लोहाच्या औषधाची बाटली द्यावी, आणि या तासाभराच्या कामाचे तिला ५० रुपयांहून बरेच अधिक पैसे मिळावेत. ही मागणी ग्रामसभांनी, महिला मंडळांनी आणि आमदारांनी लावून धरायला हवी.