मार्कांच्या आधी डब्याचं विचारा



परदेशात राहणाऱ्या मुलाचा निकाल लागला की इकडे घरी पेढे वाटतात. वाटावेत, मला पेढे आवडतात. पण माझं मत असं आहे की त्या मुलाला मार्क विचारायच्या आधी दुसरं विचारावं. डब्यात काय नेतोस, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर खेळतोस, थंडी फार वाजते का. हे कुणी विचारत नाही.

माझा आतेभाऊ आधी पुण्यात कोथरूडला राहायचा. मग कंपनीनं मामांना जर्मनीला पाठवलं. तोपण माझ्यासारखाच चौथीत आहे. तिकडं मार्क उलटे असतात. १ म्हणजे सगळ्यांत चांगला आणि ६ म्हणजे सगळ्यांत वाईट. त्याला गणितात १ मिळाला, असं आत्यानं फोनवर सांगितलं, तर आजीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "अगं बाई, एकच?" मग समजावून सांगितल्यावर सगळ्या आळीला सांगून आली. चौथीचे मार्क तिथं फार महत्त्वाचे असतात, कारण पुढं कोणत्या शाळेत जायचं ते त्यावर ठरतं.

आत्या दिवाळीला आली तेव्हा रात्री आईशी बोलत होती. पहिलं वर्षभर तो मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटाच उभा राहायचा. भाषा येत नव्हती. मुलं बघतात म्हणून पोळीभाजीचा डबा उघडायचा नाही, तसाच घरी आणायचा. थंडीत तिकडं सकाळी साडेसात वाजता पण अंधार असतो, त्या अंधारात दप्तर घेऊन चालत जायचा. फोनवर यातलं काहीच कधी निघालं नव्हतं. फोनवर फक्त १ निघाला.

काही मोठी माणसं म्हणतात की मार्क विचारले नाहीत तर मुलं अभ्यास करणार नाहीत. मला हे पटत नाही. विचारा की मार्क, पण नंतर विचारा.

बाईंनी आम्हाला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगितली. त्या १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. तिथं त्या कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, त्यांना त्या मावशी म्हणायच्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. तेवढं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या तिकडच्या थंडीतसुद्धा साडीच नेसायच्या आणि मांस खात नव्हत्या. तब्येत बिघडत गेली. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक झाली होती, तिथं कामाला जाताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात क्षयरोगानं वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्या कधी डॉक्टर झाल्या हा प्रश्न परीक्षेत येतो. त्या तिथं काय जेवत होत्या हा येत नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि परदेश म्हणजे विमानानंच जायचं असं काही नाही. आपल्या वर्गात ऊसतोडीच्या कोप्यांवरून मुलं येतात, बीडकडची. त्यांना आपलं गाव परकंच आहे. आपण त्यांना पाढे येतात का ते विचारतो, सकाळी जेवून आलास का ते विचारत नाही. कारखाना बंद झाला की ती आईवडिलांबरोबर परत जातात, म्हणून १ मेला निकाल घ्यायला नसतात. मागच्या वर्षी त्यातल्या एकाचं प्रगतिपुस्तक बाईंच्या कपाटात तसंच राहिलं. त्याला अ-२ श्रेणी होती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी