बातमी कोणी लिहायची?

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेचा कारभार ग्रामपंचायतीकडे, तर २०११ च्या जनगणनेने त्याची गणना मात्र नगरांत केलेली. गाव आणि शहर यांच्या सीमारेषेवरील अशा वस्त्यांत सकाळी वर्तमानपत्र येते, चहाच्या टपरीवर ते हातोहाती फिरते आणि जिल्ह्यात काय घडले ते चार लोकांना कळते. पण याच जिल्ह्यातील पारधी बेड्यांवर आणि कोलामांच्या पोडांवर जी माणसे राहतात, त्यांच्याविषयी त्या पानांतून काय कळते? बेड्यावर छापा पडला, मुद्देमाल जप्त झाला, टोळी जेरबंद झाली. नाहीतर कोणा पुढाऱ्याच्या हस्ते ब्लँकेटवाटप झाले. माणूस छापला जातो तो आरोपी म्हणून, अथवा लाभार्थी म्हणून. हातपंप बंद पडला, जातीचा दाखला अडला, वनहक्काचा दावा कारण न देता फेटाळला गेला, बेड्यावरची एखादी मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, याच्या बातम्या क्वचितच होतात. कारण त्या लिहिणारा बेड्यावर कोणी नाही आणि बेड्यावर जाणारा वृत्तपत्रात कोणी नाही.

ही केवळ वृत्तपत्रांची एक उणीव म्हणून सोडून देता येणार नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणाऱ्या मुलाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द केला. कायदा गेला, पण मथळ्यांतील शब्द गेला नाही. ज्या वाक्यरचनेत इंग्रज अधिकारी अहवाल लिहीत, तिचेच मराठी रूप आजही गुन्हेवृत्तांत सापडते. भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता स्पष्ट सांगते की, एखाद्या जातीला कमीपणा येईल अशा संदर्भात तिचा उल्लेख टाळावा. अन्य समाजातील चोर हा चोर असतो. पारध्यांतला चोर मात्र ‘पारधी’ असतो. पोलिसांचे टिपण जसेच्या तसे छापले जाते आणि ज्याच्याविषयी ते असते, त्याला आपली बाजू सांगण्यासाठी पान नसते.

शब्दाचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या अफवेने जमावाचे डोळे झाकले होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तेव्हाही त्या भागात अफवांचे पीक आलेच होते. गुन्हेगारांना शासन झालेच पाहिजे. परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. ज्या प्रदेशात विश्वासाने ऐकावी अशी आपली, आपल्या बोलीतली, तपासलेली बातमी पोहोचत नाही, तेथे अफवेला मोकळे रान मिळते. आणि ज्या समाजाची खरी ओळख कधी छापूनच आली नाही, त्याच्याविषयी काहीही खरे वाटू शकते.

आपला आवाज आपणच उठवावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. मुक्यांचा नायक हे नावच त्या कार्याचे मर्म सांगणारे होते. त्याही आधी विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी तुटपुंज्या साधनांनिशी पत्रे चालवली होती. खुद्द वर्ध्यातून १९२३ मध्ये विनोबांनी ‘महाराष्ट्र धर्म’ काढले आणि पुढे गांधीजींच्या सेवाग्राममधील वास्तव्यात ‘हरिजन’साठीचे कितीतरी लेखन याच मातीत झाले. वर्ध्याच्या परिसराला पत्रकारितेचा असा वारसा आहे. मात्र या वारशातील एक भेद आज नीट पाहिला पाहिजे. कोणासाठी लिहिणे ही एक गोष्ट आणि त्याने स्वतः लिहिणे ही दुसरी. पहिलीत करुणा असते, दुसरीत सामर्थ्य असते.

हे सामर्थ्य प्रत्यक्षात कसे उभे राहते, याची उदाहरणे आपल्या शेजारी आहेत. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे ग्रामीण, बहुतांशी दलित महिलांनी बुंदेली बोलीत ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू केले. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने ‘सीजीनेट स्वर’ उभे केले. त्याची रीत अगदी साधी होती. गावकऱ्याने साध्या फोनवरून एका क्रमांकावर संपर्क साधायचा, आपली बातमी गोंडीत वा हिंदीत ध्वनिमुद्रित करायची. संपादकांनी ती पडताळायची आणि नंतर ती कोणीही फोनवर ऐकायची. शिधा मिळाला नाही, मजुरी थकली, शिक्षक शाळेत येत नाही, अशा तक्रारींबरोबर संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही सांगितला जाई. दूरदूरचे श्रोते त्या अधिकाऱ्याला फोन करीत आणि काम झाले की त्याचीही बातमी होई. साक्षरतेची अट नाही, छापखान्याचा खर्च नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत. तरीही ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेतील माणसाला आपल्याच बोलीत बातमी ऐकू येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तर वर्तमानपत्राशिवाय हेच साधले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावात अभ्यासगट चालू झाले. कायदा वाचायचा, चर्चा करायची, शंका विचारायच्या आणि सर्वसहमतीने ग्रामसभेत निर्णय घ्यायचा. वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून मेंढा देशातील अग्रगण्य गाव ठरले. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. २०११ मध्ये तो अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाआधी त्या गावाने माहिती ताब्यात घेतली होती.

या मार्गात अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. गावातील पत्रकार गावातल्याच गटातटाचा असू शकतो. हाती ध्वनिक्षेपक आला म्हणून प्रत्येक शब्द सत्य होत नाही. देणगी देणारी संस्था मागे हटली की उपक्रम कोलमडतो. सरकारी धोरणाचाही अडसर आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले, पण बातम्या वर्ज्य ठेवल्या. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा मिळाली. आपल्या गावाची बातमी आपण देण्याची नव्हे. जो समाज आपल्या सरपंचाची निवड करू शकतो, त्याला आपल्या पाणवठ्याची बातमी देता येणार नाही, असे मानणे हा लोकशाहीवरील अविश्वास आहे. उपाय बंदीचा नसून संस्काराचा आहे. ऐकीव आणि पाहिलेले यांतील भेद, दोन्ही बाजू विचारण्याची शिस्त आणि चुकले तर त्याच ठिकाणी दुरुस्ती, एवढे तीन नियम शिकवता येतात आणि पाळताही येतात.

आता थोडे स्वतःकडे पाहू. वनवासी आणि भटक्या-विमुक्त बांधवांमध्ये सेवाकार्ये उभी राहिली, यमगरवाडीसारख्या ठिकाणी पारध्यांची मुले शिकू लागली, गिरीश प्रभुणे यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. याचा सार्थ अभिमान आहे. पण सेवेच्या वार्तापत्रांत बोलतो कोण? बहुधा कार्यकर्ता बोलतो. ज्याच्यासाठी कार्य चालले तो छायाचित्रात असतो. आमचे हे पानही या दोषातून मुक्त नाही. समरसता म्हणजे दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत मांडणे एवढेच नव्हे. त्याच्या शब्दांना, ते आपल्याला बोचले तरी, जागा देणे ही समरसतेची खरी कसोटी आहे.

म्हणून आरंभ मोठ्या योजनेने नको, बोरगाव मेघेसारख्या ठिकाणापासून व्हावा. एक वार्ताफलक, एक वही आणि बेड्यावरचे दोन तरुण, त्यांत एक मुलगी असावी, एवढे भांडवल पुरेसे आहे. वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तेथे जनसंचाराचे शिक्षण मिळते. त्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून दोन दिवस पोडावर जावे, शिकवावे आणि त्याहून अधिक शिकावे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती येतात. घर कोणाला मिळाले, कोणाचे अडले, याची नोंद फलकावर रोज लिहिली गेली, तर कोणत्याही समितीच्या अहवालाहून ती बोलकी ठरेल. जिल्ह्यातील दैनिकांनी अशा तरुणांचा मजकूर त्यांच्या नावानिशी, त्यांना मानधन देऊन छापावा आणि गुन्हेवृत्तांतून जमातीचे नाव काढून टाकावे. या दुसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही.

शतकानुशतके या बांधवांच्या नोंदी इतरांनी ठेवल्या: सरकारने नोंदवहीत, पोलिसांनी डायरीत, अभ्यासकांनी प्रबंधांत. त्या सर्व नोंदींत ते आहेत, पण त्यांचा आवाज नाही. उद्या सकाळी टपरीवरच्या वर्तमानपत्रात बेड्यावरच्या मुलीने लिहिलेली हातपंपाची चार ओळींची बातमी तिच्या नावासह दिसली, तर समजावे की १९५२ मध्ये जे कायद्याने झाले, ते आता समाजानेही मान्य केले.