घरचं रक्त घरातच?

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या बचत गटाची बैठक भरते. हिशेब संपला, की बायका आपापल्या घरचं काढतात. गेल्या महिन्यात गटातली एकजण सगळ्या गेल्यावर मागे थांबली. म्हणाली, "ताई, धाकटीचं ठरवतायत." मी म्हटलं, "अगं मग पेढे कुठायत?" तर तिचे डोळेच भरून आले.

तिची थोरली मुलगी नणंदेच्या थोरल्या मुलाला दिलेली. त्यांच्या बाळाला थॅलेसेमिया मेजर आहे. तीन वर्षांचं पोर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता नणंदेच्या धाकट्या मुलासाठी धाकटीला मागणी आली आहे. सासूबाईंचा हट्ट, की हे व्हायलाच हवं. "घरचं रक्त घरात राहतं. परक्याच्या दारात पोरगी कशाला द्यायची?" धाकटी एकवीस वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जाते. तिचं म्हणणं एवढंच, की आधी दोघांचं रक्त तपासा, मग बोलणी करा. त्यावरून घरात अबोला आहे.

'घरचं रक्त' हे शब्द डोक्यात घेऊनच मी घरी आले. अकरावीतला माझा मुलगा काहीतरी वाचत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "आई, निअँडरथल माणूस का संपला, ते वाचतोय." मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, पण निअँडरथल म्हणजे पुढे वाकलेला, केसाळ, मठ्ठ रानमाणूस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेजारी बसून वाचायला लागले आणि चार दिवस त्यातच गुंतले. कारण ती गोष्ट सोयरिकीचीच निघाली.

१८५६ मध्ये जर्मनीतल्या निअँडर नावाच्या दरीत या माणसाची हाडं सापडली, म्हणून त्याचं हे नाव. युरोप आणि पश्चिम आशियात तो लाखो वर्षं राहिला आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. आपल्या पूर्वजांनी त्याला मारून टाकलं, थंडीने गेला, बुद्धीनेच कमी होता, असे तर्क चालत. हाडांना विचारायची सोय नव्हती.

ती सोय केली स्वांते पाबो या शास्त्रज्ञाने. (हा आईचं आडनाव लावतो बरं का! आई एस्टोनियातून निर्वासित म्हणून स्वीडनला आलेली रसायनशास्त्रज्ञ, तिने एकटीने त्याला वाढवलं.) जुन्या हाडाची पूड करून त्यातून डीएनए काढायचा, म्हणजे आईबापांकडून प्रत्येकाला मिळालेली शरीराची वही. हजारो वर्षांत तिचे तुकडे तुकडे झालेले असतात, त्यात जंतूंचे आणि हात लावणाऱ्यांचेही तुकडे मिसळतात. ते निवडून जुळवायचे, तांदळातले खडे वेचावेत तसे. २०१० मध्ये पाबो आणि सहकाऱ्यांनी निअँडरथलची वही बरीचशी जुळवली. त्यासाठी वापरलेली क्रोएशियाच्या विंडिया गुहेतली तिन्ही हाडं बायकांची होती. २०२२ मध्ये पाबोंना नोबेल मिळालं.

त्या वहीतून निघालं काय? पहिली गोष्ट म्हणजे आपली आणि त्यांची सोयरीक झाली होती. सुमारे ५०,००० ते ४३,००० वर्षांपूर्वीच्या काळात दोघांची मुलंबाळं झाली, आणि आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात आजही एक-दोन टक्के निअँडरथल वारसा आहे. तुमच्यात, माझ्यात, त्या सासूबाईंच्यासुद्धा.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. सैबेरियातल्या एका गुहेत सापडलेल्या निअँडरथल बाईचं पायाच्या बोटाचं हाड तपासलं. तिचे आईबाप एकमेकांचे सावत्र भाऊ-बहीण किंवा मामा-भाची असावेत, इतके जवळचे निघाले. सगळीकडेच असं नव्हतं, विंडियातल्या एका बाईचे आईबाप इतके जवळचे नव्हते. पण तिचीही माणसं मोजकीच होती. २०२२ मध्ये सैबेरियाच्याच चागिरस्काया गुहेतल्या एका वस्तीचा अभ्यास आला. त्यात एक बाप आणि त्याची वयात येणारी मुलगी सापडली, एक लहान मुलगा आणि त्याची आत्या, मावशी किंवा आजी असावी अशी बाई सापडली. दहा-वीस माणसांची टोळी. सगळ्यांच्या वह्या जवळपास सारख्याच, आज संपत चाललेल्या डोंगरी गोरिलांसारख्या. अशा टोळ्यांना एकमेकांशी जोडून ठेवलं कोणी? बायकांनी. निम्म्याहून जास्त बाया दुसऱ्या टोळीतून आलेल्या असाव्यात, असं त्यांच्या डीएनएवरून दिसतं. म्हणजे माहेर सोडून सासरी जाणं चोपन्न हजार वर्षांपूर्वीही होतं!

आणि जिथे ही ये-जा थांबली, तिथे काय? फ्रान्समधल्या मांद्रॅं गुहेतल्या एका निअँडरथलचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्याचं घराणं जवळपास ५०,००० वर्षं इतरांपासून तुटलेलं होतं. थोड्या अंतरावर दुसरे निअँडरथल राहत होते, तरी देवाणघेवाण नाही. ते घराणं संपलं.

निअँडरथल नाहीसे होण्याचं एकच कारण कुणी सांगत नाही. हवामान बदललं, आपले पूर्वज संख्येने वाढले, काही जण आपल्यातच मिसळून गेले. पण थोडी माणसं, विखुरलेल्या टोळ्या आणि आपल्या-आपल्यातच लग्नं, यामुळे ते आधीच दुबळे झाले होते, हे डीएनएने दाखवलं.

असं का होतं, ते समजायला सोपं आहे. प्रत्येकाकडे वहीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एखादं पान फाटलेलं असतंच. दुसऱ्या प्रतीत ते धड असलं की निभतं. पण आईबाप एकाच घरातले असले, तर तेच पान दोन्हीकडे फाटलेलं असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियात हेच होतं. आईबाप दोघेही 'मायनर' असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल 'मेजर' होण्याचा धोका असतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात प्रत्येक मूल आजारी निघतं असं मुळीच नाही, पण जन्मजात आजाराचा धोका साधारण दुप्पट होतो.

कुणी म्हणेल, निअँडरथल कुठे आणि आपण कुठे! आपल्या देशात त्यांचं हाड अजून मिळालेलं नाही हे खरं. शिवाय आपल्या उष्ण हवेत जुना डीएनए टिकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी राखीगढीला उत्खनन केलं, तिथल्या साठाहून जास्त नमुन्यांतून फक्त एकाच बाईचा डीएनए मिळाला. ते संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण जिवंत माणसांची वही वाचता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी सांगतात, की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले लोक एकमेकांत मिसळत होते. नंतर जातीतच लग्नं करायची रीत घट्ट झाली. त्यांनी २०१७ मध्ये २६० हून जास्त समाज तपासले, त्यांतल्या ८१ समाजांचं मूळ फारच थोड्या पूर्वजांत सापडलं. माणसं लाखांनी, पण वह्या मोजक्या.

म्हणजे नात्यात नाही केलं आणि जातीतच केलं, तरी प्रश्न पुरता सुटत नाही. 'शुद्ध रक्ता'चा अभिमान आपण कशाच्या जोरावर मिरवतो, तेच मला कळेनासं झालंय. शुद्ध कुणीच नाही, आणि ज्यांचं रक्त बाहेर गेलंच नाही, ते टिकलेच नाहीत.

आमच्या गटात कोकणातली आहे, साताऱ्याची आहे, उत्तर प्रदेशातली आहे, तमिळ बोलणारीही आहे. भिशी एकत्र चालते, अडीनडीला पैसे एकत्र निघतात. पोरांच्या लग्नाचा विषय निघाला, की मात्र प्रत्येकीची टोळी वेगळी.

धाकटीने शेवटी स्वतःची तपासणी करून घेतली. ती 'मायनर' निघाली. हा आजार नव्हे, ती ठणठणीत आहे. नवरा तसा नसला, तर तिच्या मुलांना 'मेजर' होणार नाही. पण घरात लगेच सुरू झालं, "पोरीतच खोट आहे." थोरल्या जावयाचं रक्तही तसंच आहे, नाहीतर बाळाला आजार झालाच नसता, हे कुणी बोलत नाही. आणि धाकटा मुलगा अजून तपासणीला तयार नाही. मैत्रिणींनो, पत्रिका दहा ठिकाणी दाखवणाऱ्या आपल्याला रक्ताच्या एका तपासणीची एवढी लाज का वाटते?

येत्या रविवारी मी त्या घरी जाणार आहे. सासूबाईंशी वाद घालायचा नाही, असं ठरवलंय. फक्त विचारणार आहे, "आजी, तुम्ही स्वतः कुठल्या गावाहून या घरात आलात? ओळख ना पाळख, तरी हे घर तुम्हीच उभं केलंत ना?"