रमाबाई नगरची सुरक्षितता कोणाच्या हाती?

घाटकोपर पूर्वेकडील रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी संयुक्तपणे हाती घेतला आहे. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे वाढविण्याच्या योजनेत या वस्तीची जमीन येते. त्यामुळे सरकारला आमच्या गैरसोयींची आठवण आताच का झाली, हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाही. पक्क्या घराला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. गळक्या पत्र्याखाली आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्यांची हयात गेली, त्यांच्यापुढे झोपडीचे कौतुक करणारे लोक बहुधा झोपडीत राहिलेले नसतात. प्रश्न एवढाच की, सुरक्षित वस्ती कशाला म्हणावे हे रहिवाशांनी ठरवायचे की सचिवालयातल्या टेबलावर ठरायचे?

११ जुलै १९९७ च्या सकाळी याच वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली आढळली. संतप्त लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे प्राणास मुकली. महामार्गापासून दूर, गल्लीत असलेल्यांनाही गोळ्या लागल्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला; गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, आणि पुढे उच्च न्यायालयात त्यास जामीनही मिळाला. रक्षकाच्याच बंदुकीने माणसे गमावलेल्या वस्तीला चौकी आणि कॅमेरे दाखवून निर्धास्त राहा म्हणणे पुरेसे नाही. चौकी नको, असे आम्ही म्हणत नाही. चोराची तक्रार नोंदवून घेणारी चौकी अवश्य हवी.

परंतु अशा वस्त्यांतील आयाबहिणींना विचारा. रात्रपाळीहून परतणारी मुलगी सुखरूप घरी येते ती ओट्यावर जागी असलेल्या शेजारणीमुळे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्त्यांत विहार उभे राहिले ते केवळ वंदनेपुरते नव्हेत. वर्षावासात तेथे ग्रंथवाचन चालते, गल्ली उशिरापर्यंत जागी राहते, भांडण पोलिसांत जाण्याआधी तेथेच मिटते. पुनर्वसनात घरांचे वाटप सोडतीने झाले, की हीच माणसे दहा इमारतींत विखुरतात. बंद दारांच्या बोळात आणि बंद पडलेल्या उद्वाहकात मग कोणाला हाक मारायची?

इमारत उंच झाली म्हणजे ती आरोग्यदायी झाली असेही नाही. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचतच नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ सालच्या पाहणीत तेथील क्षयरोगाचा संबंध या कोंदट रचनेशी आढळला. २०२३ च्या ऑक्टोबरात गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत मध्यरात्रीनंतर आग लागून रहिवाशांचे बळी गेले. त्यांनाही घर मिळालेच होते.

कायद्याच्या अंगाने पाहता एक विसंगती डोळ्यांत भरते. घटनेच्या अनुच्छेद २४३-अ ने खेड्यातील मतदारांना ग्रामसभा दिली. शहरासाठी अनुच्छेद २४३-ध मध्ये प्रभाग समित्या आहेत. पण प्रत्यक्ष रहिवाशांची सभा त्यात नाही. ज्या गावकुसाबाहेरून आमचे लोक मुंबईस आले, त्या गावाला जे मिळाले ते मुंबईच्या वस्तीला नाही! ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत मानला आणि हटविण्यापूर्वी सुनावणीचे तत्त्व मान्य केले. ती सुनावणी म्हणजे दारावर चिकटवलेली नोटीस नव्हे.

म्हणून रहिवाशांनी घराची किल्ली देण्यापूर्वी मराठीत लिहिलेला, नोंदणीकृत करार हाती घ्यावा. नवे घर किती मुदतीत मिळणार, तोवरचे भाडे कोण व कसे देणार, मुदत टळल्यास दंड किती, हे त्यात असावे. एका गल्लीतील कुटुंबांना एकाच इमारतीत गटाने घरे द्यावीत. विहाराची आणि पुतळ्याची जागा नकाशावर आधीच आखलेली असावी, तोंडी आश्वासनावर नव्हे. दोन इमारतींतील अंतर, अग्निशमनाची व्यवस्था आणि उद्वाहकाच्या देखभालीचा खर्च यांची उत्तरे भर सभेत, इतिवृत्तात नोंदवून मागावीत. सभा विहारात भरवावी व अधिकाऱ्यांना तेथे यायला सांगावे. कचेरीत एकेकट्याने जाऊन सही करू नये.