आमच्या झोपडीला पुरावा, त्यांच्या बंगल्याला दंड



करकंबच्या माळावर आपली काही कुटुंबं यंदाही वेड्या बाभळीचा कोळसा पाडायला आलीत. इथल्या उसाला उजनीचं पाणी आहे. उजनीत भीमा, भीमेत मुळा-मुठा, मुठेवर खडकवासला, आणि त्याच्या वर वरसगाव धरणात अडवलेली आपली मोसे नदी. आपल्या डोंगरावरचा पाऊस इथवर येतो आणि त्याच्या मागोमाग आपण, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन.

त्या मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. उन्हाळ्यात हवा खायला, हिवाळ्यात तळ्यात होड्या फिरवायला! इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं गाव म्हणे. १९९६ साली सरकारनं खासगी गिरिस्थानांचं धोरण काढलं. २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्याची १८ गावं त्यात घातली. २००२ मध्ये कृष्णा खोरे महामंडळानं धरणाकाठची सुमारे १४१ हेक्टर जमीन ३० वर्षांच्या पट्ट्यानं कंपनीला दिली. ही जमीन लोकांकडून धरणासाठी म्हणून घेतलेली. धरणाला लागत नसेल तर आधी कुणाला विचारायला हवं होतं? याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. धरण झालंच, वीज मुंबईला गेली. तेव्हा निदान विजेचं कारण होतं. आता कारण काय, तर सुट्टी.

२५ नोव्हेंबर २०१० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं कंपनीला नोटीस दिली: परवानगी न घेता डोंगर कापले, बांधकाम केलं. १७ जानेवारी २०११ ला मंत्रालयानंच लिहिलं की कायदा मोडला, पर्यावरणाचं नुकसान झालं. आणि पुढं? दंड भरा, अटी पाळा, मग विचार करू.

आम्ही दळी नांगरली की गार्ड नांगर उचलून नेतो. आम्हाला कुणी म्हणालंय का, दंड भर आणि पेर? आमच्याकडं मागतात कागद. ज्याच्या आज्याला कुणी कागदच दिला नाही त्यानं तो आणायचा कुठून? "रोजगार मिळेल" असं सांगणारेही गावात येतात. मिळेल की! आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बंगल्याची फरशी पुसायचा.

पण एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मुद्दाम सांगत नाहीत. वनहक्क कायद्यात फक्त सरकारी कागदच पुरावा नाही. जाणत्या माणसांचा लेखी जबाब चालतो. जुनं घर, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, हे सगळं पुराव्यात धरतात. असे दोन तरी पुरावे जोडा. आदिवासीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हलवता येत नाही. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जा. आणि सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. सीलिंगमध्ये मिळालेल्या जमिनीलाही परवानगी लागते. दलाल कोऱ्या कागदावर अंगठा मागेल, देऊ नका.

कोळशाच्या भट्ट्या उतरल्या की सगळे एकदम गावी निघू. म्हाताऱ्यांचे जबाब आधी लिहून घ्या, त्यांचा भरवसा नाही. नुसता दाव्याला नको, गावाच्या सामूहिक हक्कालाही अर्ज करा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.