वाजिमाची वाटी

कर्मचाऱ्यांना एकत्र सहलीला नेण्याची जपानी कंपन्यांत जुनी रीत आहे. ती सहल नोतो द्वीपकल्पात न्यावी का? १ जानेवारी २०२४ला, ऐन नववर्षदिनी, तिथे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा शहराचा सकाळचा बाजार आगीत खाक झाला. लोक सावरतात तोच सप्टेंबरात अतिवृष्टीने पूर आला.

दुसऱ्याच्या दुःखात मौज करायला जायचं कसं, असं मलाही आधी वाटलं. मग वाजिमाची प्रसिद्ध लाकडी वाटी आठवली. लाकूड कातणारा वेगळा, झाडाच्या चिकात भाजलेली माती कालवून थर देणारा वेगळा, सोनेरी नक्षी काढणारा आणखी वेगळा. एका वाटीमागे कित्येक चुली! मदतनिधी एकदा येतो. या चुलींना गिऱ्हाईक लागतं. तेव्हा जावं, पण गावाला आधी विचारून. पुन्हा उघडलेल्या खाणावळीत जेवावं, वाटी घासाघीस न करता घ्यावी, पडक्या घरांपुढे फोटो मात्र काढू नयेत.

आपल्याकडेही जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळूणचा चिखल उपसायला पुष्कळ हात धावले. त्या वर्षीची दिवाळीची खरेदी चिपळूणच्या बाजारात करायला आपल्यापैकी किती जण गेलो?