वाऱ्याला शीव नाही

बीड शहराच्या दक्षिणेस, धुळे-सोलापूर महामार्गावर चौसाळा हे बाजाराचे गाव आहे. तेथून थोडे पुढे गेले की बीड जिल्हा संपतो व धाराशिव जिल्हा लागतो. वाटेवरची पाटी वाचली नाही, तर ही सीमा प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. माती तीच, बालाघाटचे डोंगर तेच, ज्वारीची शेते तीच. सीमा माणसाने आखल्या आणि माणसानेच बदलल्या. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि पश्चिमेकडे नगरच्या बाजूला जाणारा माल करोडगिरीच्या नाक्यावर अडवला जात असे. १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. जुनी नाकी उठली. वारा मात्र त्या काळीही कोणत्या नाक्यावर थांबला नाही व आजही थांबत नाही.

वाऱ्याबरोबर धूळ, धूर आणि विषारी वायूही जातात. म्हणून हवा ही साऱ्यांची सामाईक विहीर होय. विहिरीत एका वाटेकऱ्याने घाण टाकली, तर दुसऱ्या वाटेकऱ्याच्या घागरीत शुद्ध पाणी कसे येणार? हवेची राखण करावयाची असेल, तर शेजारच्या गावांनी, राज्यांनी व राष्ट्रांनी तिची नोंद एकत्र ठेवली पाहिजे आणि ती एकमेकांपासून लपवता कामा नये.

हा धडा युरोपातील लोक मोठी किंमत देऊन शिकले. १९५२ च्या डिसेंबरात लंडन शहरावर कोळशाचा धूर व धुके यांचे दाट पटल पाच दिवस पसरले. त्या काळ्या दिवसांत सुमारे चार हजार माणसे दगावली, असे तेव्हा मोजले गेले. पुढील अभ्यासकांच्या मते हा आकडा बारा हजारांपर्यंत जातो. १९५६ साली इंग्लंडने शुद्ध हवेसाठी कायदा केला. पुष्कळ कारखान्यांची धुराडी उंच करण्यात आली. शहरांवरचा धूर कमी झाला खरा, परंतु तो नाहीसा झाला नव्हता. उंचावरच्या वाऱ्यावर बसून तो समुद्रापार गेला. नॉर्वे व स्वीडन या देशांत आम्लयुक्त पाऊस पडू लागला आणि कित्येक सरोवरांतील मासे मेले. ज्यांनी तो धूर केला नव्हता, त्यांना त्याचे फळ भोगावे लागले!

"हा धूर आमचा नव्हेच," असे म्हणणे सोपे होते. ते खोडून काढण्यासाठी रागाचा किंवा भांडणाचा उपयोग नव्हता; उपयोग झाला तो नोंदींचा. १९७२ ते १९७७ या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हवेची व पावसाची पाहणी केली. कोणाचा धूर कोठे जातो, हे आकड्यांनी स्पष्ट झाले. मग १९७९ साली जिनिव्हा येथे दूरवर पसरणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी करार झाला. गंधकाचा विषारी वायू त्यानंतरच्या काळात निम्म्याहून पुष्कळ खाली आला. आधी मोजणी झाली, मग कबुली मिळाली, आणि त्यानंतरच सुधारणा झाली. हा क्रम विसरण्याजोगा नाही.

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तान व राजस्थानच्या बाजूने उठलेली धूळ सौराष्ट्रावरून मुंबईवर आली. समोरच्या इमारती अंधुक दिसू लागल्या, उभ्या मोटारींवर पांढुरकी पूड साचली. त्या धुळीने कोणाचा परवाना मागितला नव्हता. उपग्रहांच्या चित्रांवरून तिची वाट कळू शकली. अशी वार्ता वेळेवर मिळाली, तर दम्याचा रोगी घरात राहू शकतो आणि शाळा मैदानावरचे खेळ थांबवू शकते.

दक्षिण आशियातील राष्ट्रांनी व इराणने १९९८ साली मालदीवमधील माले येथे या कामी एकत्र येण्याचा जाहीरनामा केला. परंतु युरोपातील कामाला जो जोर आला, तो येथे अद्याप आलेला नाही. भारतात १९८१ पासून वायुप्रदूषणाचा कायदा आहे. दिल्ली व तिच्या शेजारची चार राज्ये यांच्या हवेचा विचार एकत्र व्हावा, म्हणून २०२१ साली संसदेने कायदा करून आयोगाची तरतूद केली. ही वाट योग्य आहे.

कोणी म्हणेल, "मोजल्याने का धूर कमी होतो?" तापमापकाने ताप उतरत नाही, हे खरे, पण ताप किती आहे हे कळल्याशिवाय शहाणा वैद्य औषध देत नाही. शिवाय सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान असतात. नाकातील केसांना चुकवून ते फुप्फुसांच्या तळाशी जातात आणि तेथून रक्तातही शिरतात. एका घनमीटर हवेत असे कण दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, अशी मर्यादा भारतात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सांगितली. ही संख्या डोळ्यांनी कशी ओळखावी? तिला यंत्रच हवे.

दुसरा कोणी म्हणेल, "ही शहरांची दुखणी, खेड्याची हवा निर्मळच असते." हा समज सुखाचा आहे, खरा नाही. पऱ्हाटी व तुराट्या जळणाऱ्या चुलीचा धूर प्रथम आईच्या व तिच्या कडेवरील बाळाच्या छातीत जातो. ऊस तुटल्यावर फडात पेटवलेले पाचट, वीटभट्ट्या, महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारी, हे सारे खेड्यातच आहे. याच जिल्ह्यात परळी येथे १९७१ पासून कोळशावर वीज तयार होत आली. त्या विजेचा उजेड जिल्ह्याबाहेरही गेला. मग तिचा धूर जिल्ह्यातच राहील, असे कसे म्हणता येईल? तरीही हवा मोजणारी केंद्रे बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. ती चौसाळ्यासारख्या सीमेवरील गावांतही असावीत आणि रोजचे आकडे पर्जन्यमानाप्रमाणे शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत.

मात्र ही नोंद शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नसावी. पश्चिमेचा वारा सुटला की चौसाळ्याचा धूर पूर्वेच्या गावांवर जातो. वारा फिरला की त्यांचा धूर इकडे येतो. ज्याला दुसऱ्याच्या धुराचा हिशेब हवा असेल, त्याने आपला हिशेब आधी उघडा ठेवावा. आपल्या धुराड्याचा खरा आकडा शेजाऱ्याला सांगण्याचे धैर्य ज्या गावाजवळ व ज्या राष्ट्राजवळ असते, त्याच्याच शब्दाला शेजारी मान देतो.